किल्लारी : गांव आणि बोली

आजच्या भाषणासाठीं मी घेतलेला विषय एका खेड्यापुरता आहे. किल्लारी हें त्या खेड्याचें नांव. लातूर जिल्ह्यांतील औसा तालुक्यांत, तेरणा नदीच्या उत्तरेस हें गांव आहे. या नांवाचा उच्चार होतांच आपणांपैकीं बहुतेकांस १९९३ सालचा भूकंप आठवला असेल, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु ज्या गांवाचें नांव एका अनर्थामुळें जगास ठाऊक झालें, त्या गांवास त्यापूर्वीं शेंकडों वर्षांचें आयुष्य होतें आणि स्वतःची अशी एक वाणी होती, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. त्या आयुष्याविषयीं आणि त्या वाणीविषयीं चार शब्द बोलावे असें मनांत आहे. मी विद्वान् नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून पुढें सारा जन्म प्राथमिक शाळेंत मुलांकडून अक्षरें गिरवून घेण्यांत घालविलेला मी एक मास्तर आहें. पण ज्याचे कान इतकीं वर्षें मुलांच्या बोलण्याकडे लागलेले असतात त्यास कांहीं गोष्टी पुस्तकावांचूनहि कळतात. तेवढ्याच आधारावर मी बोलणार आहें.

प्रथम भूमीकडे पाहूं. आमची तेरणा मांजरेस मिळते आणि मांजरा गोदावरीस; तेव्हां पाण्याच्या नात्यानें आम्ही गोदावरीच्या कुळांतले. शेतें काळ्या मातीचीं, आणि त्यांखालीं काळा पाषाण. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनीं किल्लारीजवळ जमिनींत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलें. त्यांत ३३८ मीटरपर्यंत हा काळा पाषाणच लागला, आणि त्याच्या खालीं, गाळाच्या एका पातळ थरानंतर, अतिशय पुरातन असा ग्रॅनाइटासारखा खडक सांपडला. जमिनीचे असे थर असतात तसेच गांवाच्या इतिहासाचे असतात, आणि भाषेचेहि असतात. वरचा थर सर्वांस दिसतो. खालच्यांसाठीं थोडें खणावें लागतें.

आमच्या इतिहासाचा जुना थर कानडी राजवटींचा आहे. राष्ट्रकूट राजे आपलें मूळ स्थान लत्तलूर म्हणून सांगत. तें लत्तलूर म्हणजे आजचें लातूर असें पुष्कळ इतिहासकार मानतात. नवव्या शतकांत राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या दरबारीं 'कविराजमार्ग' हा कानडी ग्रंथ झाला. त्यांत कानडी देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरला असल्याचें म्हटलें आहे. म्हणजे त्या हिशेबानें किल्लारीचें शिवार कानडी देशांतच मोडत होतें. पुढें चालुक्यांची राजधानी कल्याण येथें आली. तेंच आजचें बसवकल्याण, आणि तेथेंच बाराव्या शतकांत बसवेश्वरांनीं आपला उपदेश केला. आमच्या भागांत लिंगायत समाज मोठा आहे, त्याचें मूळ या इतिहासांत आहे. औसा तालुक्यांतील खरोशाचीं लेणीं आणि किल्लारीचें नीळकंठेश्वराचें देऊळ हीं या प्राचीन काळाचीं उरलेलीं साक्ष होत.

त्यावरचा थर मुसलमानी सत्तेचा. पंधराव्या शतकांत बहामनी राज्याची राजधानी बीदर येथें आली. पुढें मोगल आले, आणि १७२४ नंतर निजामाचा अंमल बसला. १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं उदगीरच्या लढाईंत निजामाचा पराभव केला, तरी आमचा मुलूख निजामाच्याच राज्यांत राहिला. त्या राज्याच्या कचेऱ्यांत प्रथम फारसी चाले; १८८४ च्या सुमारास तिच्या जागीं उर्दू आली. घरांत मराठी, बाजारांत मराठी व कानडी, आणि अर्ज करावयाचा झाला कीं उर्दू, अशी आमच्या आजोबांच्या पिढीची स्थिति होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला. त्याच वेळीं बीदर जिल्ह्यांतील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके इकडे आले, आणि भालकी, बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्यांत गेला. १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि १९८२ सालीं उस्मानाबाद जिल्ह्यांतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. गांवची वेस न ओलांडतां किल्लारीच्या एखाद्या म्हाताऱ्यानें आपल्या हयातींत तीन राज्यें आणि दोन जिल्हे पाहिले! अशा ठिकाणची बोली एकरंगी राहील तरी कशी?

आतां या बोलीकडे वळूं. सर ज्यॉर्ज ग्रिअर्सन यांनीं हिंदुस्थानांतील भाषांची मोठी पाहणी केली. तिचा मराठीविषयींचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला. त्या पाहणीच्या कक्षेंतून हैदराबाद व म्हैसूर हीं संस्थानें वगळलेलीं होतीं. कोंकणांतल्या व वऱ्हाडांतल्या बोलींचे नमुने जेव्हां काळजीपूर्वक टिपले जात होते, तेव्हां आमचा मुलूख सीमेपलीकडचा ठरला. त्यामुळें पुण्यामुंबईच्या वाचकास मराठवाड्याची बोली म्हणजे 'अशुद्ध मराठी' एवढीच ओळख दीर्घकाळ राहिली. ती अशुद्ध आहे कीं तिला स्वतःचे नियम आहेत, हें चार उदाहरणांवरून आपणच ठरवावें.

पहिलें उदाहरण क्रियापदाचें. पुस्तकांत आपण 'काय करीत आहेस?' असें लिहितों. आमच्याकडे 'काय करूलालास?' असें विचारतात. 'कुठं जाऊलालास?', 'पाऊस येऊलालाय' अशीं वाक्यें दिवसांतून शंभर वेळां कानीं पडतात. जवळपासच्या कांहीं गांवांत हेंच 'करायलास', 'जायलास' असें होतें. बाहेरचा मनुष्य हें ऐकून हंसतो. पण 'करूं लागला' हा प्रयोग तर शिष्ट मराठींतहि आहे. त्यांतील 'लागला' याचा मधला गकार झिजला आणि 'लाला' उरला, असें मला वाटतें. क्रियेचा आरंभ दाखविणारें रूप आमच्या बोलीनें चालू क्रियेसाठीं योजिलें. पुरुष, लिंग, वचन यांप्रमाणें तें व्यवस्थित चालतें, आणि पांच वर्षांचें मूलहि त्यांत चुकत नाहीं. ज्यास नियम आहे आणि ज्यांत मूल चुकत नाहीं, त्यास व्याकरणच म्हणावें लागेल.

दुसरें उदाहरण उच्चाराचें. शब्दाच्या आरंभींचा 'वि' आमच्याकडे 'इ' होतो आणि 'वे' याचा 'ये' होतो. 'विचार' याचा 'इचार', 'विसरलें' याचें 'इसरलं', 'वेळ' याची 'येळ', आणि गांवच्या वेशीची 'येस'. येथेंहि मनास येईल तसें बोलणें नाहीं. एक वळण आहे, आणि तें शब्दामागून शब्दास लागू पडतें. शिक्षकानें हें वळण एकदां ओळखलें म्हणजे मुलाच्या वहींतील निम्म्या चुकांचें कारण त्यास कळतें, आणि वीस शब्द वेगवेगळे सुधारीत बसण्याऐवजीं एक नियम समजावून सांगितला कीं काम भागतें.

तिसरी गोष्ट शब्दसंग्रहाची. आमच्या बोलींत कानडीचें देणें विपुल आहे. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द तर सर्व महाराष्ट्रानें घेतले. तूप आणि अडकित्ता यांचेंहि मूळ कानडींत दाखवितात. पण आमच्याकडे आणखी एक शब्द नित्याचा आहे, तो म्हणजे 'हुडकणें'. शोधणें, धुंडाळणें असा त्याचा अर्थ. कानडींत 'हुडुकु' म्हणजे शोध. या शब्दाकडे मी पुन्हां येणार आहें. उर्दूचें देणेंहि तसेंच. हातरुमालास आमच्याकडे 'दस्ती' म्हणतात. काम मक्त्यानें घेणाऱ्यास आम्ही 'गुत्तेदार' म्हणतों; त्यांतला 'गुत्ता' दक्षिणेकडच्या भाषांतला, 'दार' हा प्रत्यय फारसी, आणि तो शब्द चालतो मराठी विभक्तींनीं. तीन भाषांनीं मिळून केलेला असा शब्द बोलणाऱ्याच्या ध्यानींमनींहि नसतो. आणि हें घेणें एकतर्फी नव्हतें. दखनी बोलणारे आमचे शेजारी 'नक्को' म्हणतात, तो आमचा 'नको' होय. ते शब्दाच्या शेवटीं जोर देण्यासाठीं 'च' लावतात, तोहि मराठींतूनच गेलेला.

या सरमिसळीचें सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे आमची येळवस. मार्गशीर्षांतील अमावास्येस लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील गांवें ओस पडतात, कारण सारे लोक शेतांत गेलेले असतात. शेतांत कडब्याची खोप करून तींत पांडवांची पूजा होते. भज्जी, आंबील, उंडे, खीर यांचा नैवेद्य असतो, आणि वाटेनें जाणाऱ्या परक्या मनुष्यासहि जेवल्यावांचून पुढें जाऊं देत नाहींत. आम्ही या सणास 'वेळ अमावास्या' म्हणतों आणि वेळेशीं त्याचा संबंध लावतों. परंतु सीमेपलीकडे हाच सण 'एळ्ळ अमावास्ये' या नांवानें होतो, आणि कानडींत 'एळ्ळु' म्हणजे तीळ. नांव कानडी, अर्थ विसरल्यावर मराठी मनानें त्यास नवा अर्थ दिला. आंबील शिंपडीत शेतास फेरी घालतांना शेतकरी जी आरोळी देतो तिचा अर्थ त्यास सांगतां येत नाहीं, कारण तीहि कानडीच आहे. १९५६ सालीं नकाशावर राज्याची सीमा आंखली गेली, पण येळवसेच्या दिवशीं ती आरोळी अद्याप दोन्ही बाजूंच्या शिवारांतून उठते.

श्रोतेहो, आतां घराकडे येऊं. कारण किल्लारीच्या बोलींतले कितीतरी शब्द घराच्या भिंतींत होते. गांवठाणास आम्ही 'पांढरी' म्हणतों आणि शेतजमिनीस 'काळी'. आमचीं जुनीं घरें काळ्या दगडाचीं. दगड ओबडधोबड, त्यांस जोडणारी माती, आणि भिंत दोन दोन हात रुंद. उन्हाळ्यांत गारवा राहावा आणि चोराचिलटांस भिंत फोडतां येऊं नये, अशी तींत योजना होती. भिंतींत देवळी असे. धान्य सांठविण्यासाठीं बळद असे. दारांतून आंत जातांच ढाळज लागे. वर लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि त्यांवर मातीचा जाड थर. असें तें माळवद. खोलीचें माप हातांनीं किंवा फुटांनीं न सांगतां खणांनीं सांगत. पावसाळ्यापूर्वीं माळवद गळूं नये म्हणून दरसाल पांढऱ्या मातीचा नवा थर देत; त्यामुळें पिढ्यानुपिढ्या माळवद जड होत जाई. त्याच माळवदावर उन्हाळ्यांत माणसें निजत, बायका पापड वाळत घालीत, मुलें अभ्यास करीत.

१९९२ च्या ऑक्टोबरांत आमच्या भागांत भूकंपाचे धक्के बसले होते. लोक घाबरले, कांहीं दिवस उघड्यावर निजले, आणि मग पुन्हां घरांत गेले. १९९३ सालीं २९ सप्टेंबरास अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून गांव रात्रीं उशिरां निजलें. ३० सप्टेंबर, गुरुवार, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं भूकंप झाला. त्याची तीव्रता शास्त्रज्ञांनीं सुमारें ६.२ अशी मोजली. या मापाचे भूकंप इतरत्रहि होतात. पण आमच्या दगडमातीच्या भिंतींस आडवा सांधा नव्हता, त्या आंतबाहेर फुटल्या आणि निजलेल्या माणसांवर पडल्या. कांहीं घरांत तर लांकडी खांबांनीं माळवद तोलून धरलें होतें आणि भिंती मात्र जमीनदोस्त झाल्या होत्या. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें गेलीं. मी त्या वेळीं तिशींत होतों. त्या दिवसाचें वर्णन मी करणार नाहीं. एवढेंच सांगतों कीं, त्या सकाळीं ढिगाऱ्यांवर जो तो कोणास तरी हुडकीत होता. 'शोधणें' हा शब्द त्या दिवशीं कोणाच्या तोंडीं आला नाहीं. 'माझ्या लेकराला हुडका', 'माईला हुडकूलालो', असेंच सारे बोलत होते. मदतीस आलेल्या परगांवच्या जवानांस आणि विद्यार्थ्यांस तो शब्द ठाऊक नव्हता, तरी त्यांस अर्थ लगेच कळला.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साह्यानें सरकारनें मोठें पुनर्वसन केलें. बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. किल्लारी त्यांतलीच एक. नवीं घरें हलकीं व मजबूत झालीं, रस्ते रुंद झाले, आणि तें योग्यच झालें. जुन्या दगडी घरांत परत जा असें कोणी म्हणूं नये. मीहि म्हणत नाहीं. पण घर गेलें कीं घराचे शब्दहि जातात. नव्या गांवांत माळवद नाहीं, बळद नाहीं, ढाळज नाहीं, आणि गांवास येसहि नाहीं. तेथें जन्मलेल्या मुलास 'बळद' म्हणजे काय तें सांगावयाचें तर प्रथम फळ्यावर सारा वाडा काढून दाखवावा लागतो. उलट 'प्लॉट', 'अनुदान', 'पुनर्वसन' हे शब्द अक्षरशत्रु म्हातारीच्याहि तोंडीं बसले. काळाची गणना सुद्धां बदलली. लग्न केव्हां झालें, विहीर केव्हां खणली, असें विचारलें तर 'भूकंपाच्या अगोदर' किंवा 'भूकंपाच्या नंतर' असें उत्तर येतें.

आणखी एक गोष्ट घडली. भारतीय जैन संघटनेनें भूकंपग्रस्त भागांतील सुमारें १,२०० मुलांस पुण्याजवळ वाघोली येथें नेऊन त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय केली. हें फार मोठें काम होतें, आणि त्या मुलांचें त्यानें कल्याण झालें. तीं शिकलीं, नोकरीधंद्यास लागलीं. साहजिकच त्यांची भाषा पुण्याकडची झाली. ज्या वयांत बोली आजीच्या मांडीवर शिकावयाची, त्या वयांत आजीहि गेली होती आणि मांडीहि. यांत दोष कोणाचाच नाहीं. पण बोलीचा एक धागा तेथें तुटला, हें नमूद करून ठेवलें पाहिजे.

कोणी म्हणेल, मास्तर, शब्द गेले तर गेले. माणसें गेलीं त्यापुढें शब्दांची काय कथा? हा प्रश्न रास्त आहे. माझें उत्तर असें कीं, गेलेल्या माणसांपैकीं बहुतेकांचें छायाचित्र नव्हतें, पत्र नव्हतें, लिहिलेलें एक अक्षर नव्हतें. त्यांचें म्हणून जें कांहीं शिल्लक आहे तें त्यांच्या बोलण्यांत आहे. जात्यावरच्या ओवींत, हांक मारण्याच्या ढबींत, शेतांतल्या आणि चुलीपाशींच्या शब्दांत आहे. तें टिपून ठेवणें म्हणजे त्यांचें स्मारकच उभारणें होय. आणि तें काम घाईचें आहे. १९९३ सालीं जो चाळिशींत होता त्यानें आज सत्तरी ओलांडली आहे. जुन्या गांवांत संसार केलेली, माळवद सारवलेली, बळदांतलें धान्य काढलेली माणसें दरवर्षीं कमी होत आहेत.

यासाठीं मोठी संस्था किंवा पुष्कळ पैसा लागत नाहीं. प्रत्येक शाळेनें एक जाड वही करावी. मुलांनीं आपल्या घरच्या किंवा शेजारच्या वृद्ध माणसास रोज एक शब्द विचारावा आणि तो वहींत लिहावा. शब्द, त्याचा अर्थ, ती वस्तु कशी होती, आणि तो शब्द ज्यांत येतो असें एक वाक्य, एवढें पुरे. वाक्य म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचें जसेंच्या तसें असावें. शिक्षकानें त्यास शुद्ध करूं नये. हल्लीं घरोघरीं मोबाइल आहेत, त्यांवर आवाजहि ठेवतां येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्यानें अलीकडे मराठीच्या बोलींची पाहणी केली आहे. ग्रिअर्सनच्या वेळीं जी उणीव राहिली ती भरून निघण्यास अशा कामाचा उपयोग होतो; पण गांवच्या आंतला शब्द गांवानेंच सांगावा लागतो.

शिक्षकबंधूंस एक विनंति. शाळेंत प्रमाण भाषा शिकविलीच पाहिजे. तिच्यावांचून मुलास अर्ज लिहितां येणार नाहीं, पुस्तक वाचतां येणार नाहीं, परजिल्ह्यांत निभाव लागणार नाहीं. परंतु ती शिकवितांना घरच्या बोलीस हंसण्याचें कारण नाहीं. मूल 'इचार' म्हणालें तर त्यास म्हणावें, 'घरीं आपण इचार म्हणतों, पुस्तकांत विचार लिहितों.' एवढ्यानें मुलास दोन्ही भाषा येतात, आणि आई अडाणी बोलते असें त्यास वाटत नाहीं. ज्या मुलास आपल्या आईच्या बोलण्याची लाज वाटूं लागते, तें वर्गांत तोंड उघडीत नाहीं. आणि जें मूल तोंड उघडीत नाहीं त्यास शिकवितां येत नाहीं, हा माझा अनुभव आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सर्वांस आनंद झाला, आम्हांसहि झाला. पण हा मान जिला मिळाला ती मराठी केवळ ग्रंथांतली नव्हे. तेरणेच्या कांठीं काळ्या रानांत कडब्याच्या खोपींत बसून परक्या वाटसरूस 'या, जेवूलालाव, बसा' म्हणणारी मराठीहि तीच आहे. तिचे शब्द ढिगाऱ्याखालून हुडकून काढण्यास अजून थोडा अवधि आहे. तो दवडूं नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.